उलटी भिंगरी

क्रुक्सचा रेडिओमीटर माझ्या खिडकीत असतो. बल्बएवढा काचेचा गोळा, आत सुईच्या टोकावर तोललेल्या चार हलक्या पात्या. प्रत्येकीची एक बाजू काळीकुट्ट, दुसरी चकचकीत. ऊन सरकत सरकत काचेला लागलं की पात्या जराशा चाळवतात, संथ वळतात, आणि बघता बघता नुसती करडी गरगर उरते. ना चावी, ना सेल, ना आवाज.

बघणारा म्हणतोच, ‘प्रकाश ढकलतोय वाटतं!’ खुद्द विल्यम क्रुक्सलाही तसंच वाटलं होतं. लंडनमध्ये तो थॅलियम हे स्वतःच शोधलेलं मूलद्रव्य निर्वात पेटीत तोलत होता. उष्णता, ऊन लागलं की तराजू बिनसायचा. दुसरा कुणी पडदा ओढून मोकळा झाला असता. यानं त्या बिनसण्यातूनच ही भिंगरी काढली. प्रकाशालाही दाब असतो, हे मॅक्सवेलनं १८७३ मध्ये गणितानं मांडलेलंच होतं. सगळं कसं छान जुळत होतं!

फक्त भिंगरी उलटी फिरत होती. प्रकाश परतवणाऱ्या बाजूला तो गिळणाऱ्या बाजूच्या जवळजवळ दुप्पट धक्का बसतो. म्हणजे चकचकीत बाजूनं मागे हटायला हवं. हटते ती काळी. १८७६ मध्ये आर्थर शूस्टरनं अख्खा गोळाच टांगला, तर पात्या एकीकडे आणि काच दुसरीकडे वळू लागली. हा बाहेरच्या उन्हाचा धक्का नव्हेच, आतल्याआतली रेटारेटी.

रेटणारी असते गोळ्यात उरलेली चिमूटभर हवा. काळी बाजू जास्त तापते. पातीच्या कडेवरून हवा थंड बाजूकडून गरम बाजूकडे सरपटते आणि पातीला उलट रेटा देते. रेनॉल्ड्स आणि मॅक्सवेल यांनी १८७९ मध्ये याचा उलगडा केला. मला मोह आहे तो त्या उरलेल्या हवेचा. ती जास्त झाली तर पात्या अडतात, पार उपसून काढली तर रेटायला कुणी उरत नाही.

प्रकाशाचा खरा दाब मोजायला लेबेदेव्हला मॉस्कोत हीच लुडबुडी हवा आवरावी लागली. भर उन्हात चौरस मीटरभर आरशावर तो दाब जेमतेम मिलिग्रॅमभर वजनाचा!

रेडिओमीटर थंडीत नेला की काळी बाजू आधी निवते आणि पात्या उलट्या फिरतात. फ्रीजचं दार उघडं टाकून, दह्याच्या पातेल्याशेजारी ठेवून मी ते पाहिलंय. घरच्यांचं त्यावरचं मत भौतिकशास्त्राला धरून नव्हतं.