पक्कं घर, जुनी शेगडी

सिल्वासात छातीच्या विकारांवर उपचार करताना थंडीच्या दिवसांत मी एक प्रश्न हमखास विचारतो : "रात्री खोलीत काय पेटलं होतं?" सकाळी डोकं जड, मळमळ, चक्कर, ताप नाही, घरातल्या सगळ्यांनाच एकदम त्रास आणि अंगणात आलं की बरं वाटतं. असं कुणी सांगितलं की माझा पहिला संशय कार्बन मोनॉक्साइडवर जातो. पित्ताची गोळी घेऊन ही माणसं पुन्हा त्याच खोलीत झोपतात, याची मला फार भीती वाटते.

खानवेल-दुधनीकडची जुनी वारली, कोकणा घरं कुडाची. कारवीवर शेणामातीचा लेप, वर गवत नाहीतर कौलं. चुलीचा धूर तिथेही छातीला वाईटच, पण फटींतून हवा खेळत राही. आता विटा-सिमेंटच्या भिंती आल्या, वर स्लॅब आला. मसाट, राखोलीतल्या कामगारांच्या खोल्यांना तर कित्येकदा दाराशिवाय वाटच नसते. घर बदललं, पण बाळंतिणीच्या खाटेखालची शेगडी तीच राहिली, आणि वारा लागू नये म्हणून दार लावायची रीतही.

निखाऱ्यांना धूर नसतो, म्हणून लोक निर्धास्त राहतात. धूर देणारा भाग आधीच जळून गेलेला असतो आणि उरलेला कोळसा अपुऱ्या हवेत धुमसताना कार्बन मोनॉक्साइड वायू सोडतो. निखाऱ्यांवर निळसर ज्योत दिसते ना, तो जळणारा कार्बन मोनॉक्साइडच. ज्योत विझून राख धरली की तोच वायू न जळता खोलीत पसरतो, आणि शेगडी आत न्यायची वेळ झाली असं आपण नेमकं तेव्हाच समजतो! त्याला ना रंग, ना वास. हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून घट्ट चिकटतो. पोटातल्या बाळाच्या रक्तात आईपेक्षाही जास्त साठतो.

करोनात घेतलेला ऑक्सिमीटर इथे फसवतो. वायूने व्यापलेलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनचंच वाटतं, आणि माणूस बेशुद्धीकडे जात असतानाही आकडा 98 दिसू शकतो.

शहरात हेच काम बाथरूममधला गॅस गिझर करतो. किलोभर गॅस नीट जळायला साधारण 12 घनमीटर हवा लागते. लहान बाथरूममध्ये ती जेमतेम पाच-सहा. गिझर बाहेर मोकळ्या हवेत बसवावा, आत फक्त गरम पाण्याचा नळ यावा. गॅसगळतीची घंटा या वायूसाठी वाजत नाही. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वेगळा मिळतो, तो झोपायच्या खोलीत लावावा.

शेगडी पेटवून दार किलकिलं ठेवलं तर चालेल का, असं आज्या विचारतात. नाही चालत, आजी. शेक द्यायचा तर दार-खिडकी सताड उघडून, आणि झोपण्यापूर्वी शेगडी अंगणात. बाळाला टोपी घाला, आईच्या उघड्या छातीशी धरा, वरून गोधडी पांघरा.

कुणी निपचित पडलेलं दिसलं तर दारं उघडून आधी त्याला बाहेर काढा, 108 ला फोन करा आणि शेगडी पेटली होती हे डॉक्टरांना आल्याआल्या सांगा. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर सुमारे दीड.