ताप आधी, अंडी नंतर

आमचा पुतण्या २०१६ साली टांझानियातील म्वांझा येथे स्टोअरकीपर होता. व्हिक्टोरिया सरोवर राहत्या जागेला लागूनच, आणि पोराला पोहण्याचा भारी नाद. रजेवर घरी आला आणि चौथ्या दिवशी ताप भरला. मलेरिया नाही, टायफॉइड नाही. कोरडा खोकला, अंगावर गांधी, रात्री घामाने बनियन भिजे. शेजारीण अंगारा सुचवून गेली. वहिनींनी तिला चहा पाजून वाटेला लावले.

इस्पितळात दोनदा शौच तपासले. काही सापडले नाही, घरी न्या म्हणाले. आम्हीही निर्धास्त झालो, ही आमची चूक.

तीन आठवड्यांनी एका निवृत्त डॉक्टरांनी विचारले, "गोड्या पाण्यात उतरला होतास का?" ते मूळचे रत्नागिरीचे. त्या जिल्ह्यातील गिमवी गावात १९५२ साली याच जातीच्या कृमीचा, लघवीवाटे रक्त जाण्याचा रोग आढळल्याची नोंद आहे, हे त्यांना ठाऊक होते. पुन्हा तपासणी झाली आणि काटा असलेले अंडे दिसले. शिस्टोसोमा!

या कृमीची पिल्ले गोगलगायीतून पाण्यात सुटतात, कातडीतून शरीरात शिरतात आणि रक्तवाहिन्यांत वाढतात. अंडी पडायला पाच-सहा आठवडे तरी लागतात. ताप त्याआधीच येऊ शकतो. म्हणजे इस्पितळाने जे शोधले, ते तेव्हा पोटात नव्हतेच! रक्तातील प्रतिपिंडे पाहावीत, तर ती रोग बरा झाल्यावरही वर्षानुवर्षे राहतात.

म्हणून शास्त्रज्ञ कृमीचीच प्रथिने शोधतात. आम्ही बी.कॉम. झालेले कारकून, प्रथिन म्हणजे डाळीतले एवढेच ठाऊक! पण कातडीतून शिरताना पिल्लू काही प्रथिने सोडते, पुढे पोटातले ओकते, ते रक्तात व लघवीत उतरते. त्यावर बेतलेली लघवीची पट्टी आज वापरात आहे. मात्र कृमी थोडे असतील तर ती चुकू शकते. लवकर सापडणारे आणि दुसऱ्या कुठल्याही जंताशी न जुळणारे प्रथिन मिळणे, हीच खरी अडचण. २००९ साली यातील दोन कृमींची जनुकीय माहिती प्रसिद्ध झाल्यापासून हा शोध सोपा झाला.

गोळी आहे, प्राझिक्वांटेल. कोवळ्या कृमीवर ती नीट चालत नाही, म्हणून पुतण्याला दोनदा दिली.

२०२१ साली जगात २५ कोटींहून अधिक लोकांना या रोगावरील औषधाची गरज होती, बहुतेक आफ्रिकेत. पुतण्या परत म्वांझाला गेला. आता पोहत नाही. गोदामातले हमाल त्याच पाण्यात कपडे धुतात. "तुमची तपासणी कधी झाली?" असे त्याने विचारले, तेव्हा ते हसले म्हणे.