रायवळ कोंब

बकरीनं पानं खाल्ली तर फारसं बिघडत नाही, पालवी पुन्हा फुटते. साल खाल्ली की झाड आतून उपाशी पडतं. परसातल्या कोवळ्या हापूस कलमाची वई एका बाजूनं ढिली झाली आणि शेजारच्या बकरीनं मनगटाएवढ्या खोडाची साल वीतभर सोलून काढली.

“वहिनी, उपटून टाका, मी नवं आणून देतो,” शेजारी ओशाळून म्हणाला.

मी खोडाभोवती बोट फिरवलं. मागच्या अंगाला दोन बोटं रुंदीची पट्टी शाबूत होती. सगळी मदार तिच्यावर. मुळांनी ओढलेलं पाणी लाकडातून वर चढतं, पण पानांनी रांधलेलं अन्न सालीतूनच खाली उतरतं. साल सगळीकडून गेली तरी पानं बरेच दिवस हिरवी राहतात आणि खाली मुळं भुकेनं मरत असतात. तो हिरवेपणा मला फार क्रूर वाटतो.

लोंबणाऱ्या चिंध्या धारदार चाकूनं कापल्या आणि बोर्डो पेस्ट कालवली. मोरचूद एक किलो, चुना एक किलो, पाणी दहा लिटर, हे बागायतदारांचं माप. मला त्यातलं वाटीभर पुरे. भांडं लोखंडी नको. विळ्याचं पातं बुडवून पाहायचं, तांबूस थर चढला तर चुना कमी पडला. मूळ कृती मात्र चोरांसाठीची! फ्रान्समध्ये बोर्डोच्या परिसरात वाटसरूंनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर ही निळाई शिंपडत. त्याच वेली केवडा रोगातून वाचलेल्या १८८२ मध्ये मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नजरेस पडल्या.

असंख्य खोडं चिरून पाहणारे अमेरिकी शास्त्रज्ञ ॲलेक्स शिगो असल्या लेपांच्या विरोधातच होते. झाड जखम भरून काढत नाही, तिला आतून भिंती घालून कोंडतं आणि वरून नवं लाकूड चढवतं, असं त्यांचं म्हणणं. पटतं. तरी कोकणचा पाऊस आणि उघडं लाकूड यांची गाठ घालून द्यायला मी धजत नाही.

आता जखमेच्या कडा फुगून आत सरकताहेत. कलमाच्या सांध्याखालून मात्र कोंब फुटलेत, ते खालच्या रायवळ कोयीचे. एरवी दिसताक्षणी मोडले असते. या वेळी एक राखलाय.

“रायवळ कशाला वाढवताय?” शेजारी विचारतो.

जखमेच्या खाली असल्यानं त्याची पानं मुळांना थेट पोसतात. कडा जुळल्या की कापेन. नाहीच जुळल्या, तर हापूसची नवी काडी त्याच्यावर बांधता येईल.