बांधावरचा हंडा

पोराला शिकवायचं म्हणजे त्याला खुर्ची मिळवून द्यायची, एवढंच आमच्या पिढीला शहापूर-मुरबाडकडं कळत होतं. मी दहावी झालो आणि नांगर धरला. धाकटा कॉलेजात गेला तेव्हा त्याला बजावलं, "चिखलात पाय घालू नकोस. बसून करायची नोकरी बघ." त्यानं ऐकलं.

ठाण्यात एका कचेरीत लागला. सकाळी आसनगावहून लोकल, दिवसभर कॉम्प्युटरपुढं, रात्री उशिरा घरी. पंधरा वर्षं अशी गेली. गेल्या साली, चाळिशी गाठायच्या आधीच, त्याला शुगर निघाली. रिपोर्टाचा कागद घेऊन मी ओटीवर बसलो, तर माझंच बोलणं मला आठवत राहिलं.

डॉक्टरांनी आम्हाला लंडनची गोष्ट सांगितली. १९५३ साली जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरानं तिथल्या दुमजली बसवरच्या नोकरांचा अभ्यास छापला. गाडी एकच, पण ड्रायव्हर दिवसभर बसलेला आणि कंडक्टर तिकिटं देत जिन्यानं खालीवर करणारा. हृदयाचं दुखणं ड्रायव्हरांना जास्त निघालं. मला आपली शहापूर-मुरबाड एसटी डोळ्यांपुढं आली. माझा पोरगा ड्रायव्हरच्या जागेवर बसला होता, आणि बसवला होता मी.

म्हणून शेतातलं राबणं म्हणजे व्यायाम, असं मी म्हणणार नाही. आमच्या हिच्या गुडघ्यांना विचारा. चाळीस पावसाळे आवणीला वाकून तिची कंबर गेली. दिवसभर वाकणं वाईट, तसं दिवसभर बसणंही वाईट. शेतात एक मात्र बरं होतं, काम बदलत राहायचं. रोपं उपटायची, मुठी बांधायच्या, खाचरात न्यायच्या, मग लावायच्या. आणि पाण्याचा हंडा असायचा लांब, बांधावरच्या झाडाखाली. तहान लागली की चालत जायचं, पाणी प्यायचं, कंबर सरळ करायची, दोन शब्द बोलायचे. त्याला कोणी कामचुकारपणा म्हणत नव्हतं.

मी पोराला विचारलं, "तुमच्यात हंडा कुठं असतो?"

"बाटली टेबलावरच असते, बाबा. डबापण तिथंच खातो."

"मग उठतोस कधी?"

तो जरा गप्प राहिला. मग म्हणाला, "सारखं उठलं की साहेब बघतात."

खरं दुखणं इथं होतं. माणूस आळशी नसतो. उठलं तर काम टाळतो असं दिसेल, म्हणून तो बसून राहतो. नुसतं 'चाला, फिरा' असं भिंतीवर लिहून काय होणार? ज्याच्या हातात काम आहे, त्यानंच उठायची मोकळीक द्यायला हवी.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं बाटली घरी ठेवली आणि टेबलावर लहानसा पेला ठेवला. पाण्याची टाकी हॉलच्या दुसऱ्या टोकाला. घोटभर प्यायचं तरी उठायचं. पलीकडच्या टेबलाशी काम असलं की फोन न करता चालत जायचं. डबा खाल्ल्यावर जिन्यानं खाली जाऊन रस्त्यावर एक फेरी. आधी लोक हसले, मग दोघं सोबत निघाले. एक दिवस धीर करून त्यानं साहेबांना आपला रिपोर्ट दाखवला. साहेबांनी तो वाचला आणि हळूच म्हणाले, "माझी याच्याहून जास्त आहे." तेव्हापासून तिथल्या छोट्या मीटिंगा उभ्यानं होतात आणि दुपारच्या फेरीला साहेबपण असतात.

गोळी चालूच आहे, ती सोडायची नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. पण शुगर थोडी खाली आली.

यंदा दोन दिवस रजा काढून तो आवणीला आला. दुपारी तो दमलेला दिसला, म्हणून मी तांब्या भरून खाचराकडं निघालो. त्यानं लांबूनच हात वर केला.

"राहू द्या तिथंच, बाबा. मी येतो."