स्वयंभू गंधार

तारेचा आवाज काढणारा प्रोग्राम दहाएक ओळींत बसतो. केव्हिन कार्प्लस आणि अलेक्झांडर स्ट्राँग यांनी ही रीत 1983 साली प्रसिद्ध केली. मनाला येतील ते आकडे एका रांगेत मांडायचे, पहिल्या दोन आकड्यांची सरासरी काढून ती शेवटी जोडायची, पहिला आकडा टाकून द्यायचा आणि हेच सेकंदाला 44,100 वेळा करत राहायचं. रांगेत 636 आकडे ठेवले तर काळी एकचा खर्ज वाजतो. सुरुवातीची खरखर क्षणात तार छेडल्यासारखी होते. एम.एस्सी.ला फूरियर श्रेणीची पानंच्या पानं भरली होती. ती कानाला लागली ती इथे.

दिवसा मी कर्जाच्या हप्त्यांचं सॉफ्टवेअर लिहितो. तिथे सगळं राउंडिंगवर अडतं. पैशाचा अपूर्णांक कुठे सोडायचा आणि कुठे पुढे न्यायचा, यावर बैठकाच्या बैठका होतात. कंटाळवाणं काम खरं, पण त्यानेच मला सुरांतलं राउंडिंग ओळखायला शिकवलं. रांगेच्या लांबीतही अपूर्णांक चालत नाही. खर्जात ते खपून जातं. अतितार षड्जाला मात्र रांग उरते 79 आकड्यांची. त्यात एक वाढवला की स्वर अर्ध्या स्वराच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त उतरतो. कुठलेही गुरुजी तिथेच हात वर करतील. यावरचा तोडगा डेव्हिड जॅफी आणि ज्युलियस स्मिथ यांनी त्याच वर्षी दिला.

याच रीतीने तंबोऱ्याच्या चार तारांचे सूर लागले, तरी तंबोरा बोलेना. पंचम, जोडाच्या दोन तारा आणि खर्ज; गंधाराची तार तंबोऱ्याला नसतेच. तरी मिरजेचा तंबोरा नीट लागला की खर्जातून गंधार स्वच्छ ऐकू येतो. गवई त्याला स्वयंभू म्हणतात. गणिताला यात नवल नाही: खर्ज 69.3 हर्ट्झ, त्याची पाचपट 346.5. पेटीवर हाच गंधार म्हणजे पांढरी चार; समान विभागणीने लावलेली ती असते 349.2 वर. दोन्ही एकत्र धरले की सेकंदाला जवळजवळ तीन हेलकावे येतात. पेटीवर नाराज असणाऱ्यांचं मला इथे पटतं.

माझ्या दहा ओळींत हा गंधार टिकत नव्हता, कारण सरासरी वरचे नाद आधी खाऊन टाकते. तंबोऱ्याची घोडी उलट वागते. तिच्या किंचित उतारावर तार घासत राहते आणि जवारीचा दोरा केसभर सरकवला की वरचे नाद उजळतात. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1921 मध्ये याची दखल घेतली होती: तार जिथे छेडली तिथे ज्या नादाचा स्थिरबिंदू येतो, तो नियमाप्रमाणे ऐकू येऊ नये, तंबोऱ्यात तोही ऐकू येतो.

मग तार घोडीला टेकली की तिची लांबी क्षणभर बदलेल, अशी अट घातली. गंधार आला. पण त्या अटीतला एक आकडा, दोऱ्याच्या जागेचा, मला कुठल्याच सूत्रातून काढता आला नाही. तो डोळे मिटून, पुन्हा पुन्हा ऐकूनच ठरवला. मिरजेचे कारागीर जवारी अशीच, कानाने काढतात.

मोबाइलवर तंबोऱ्याचं अॅप घ्याल तेव्हा हेडफोन लावून आधी नुसता खर्ज ऐका. गंधार ऐकू आला तरच ते ठेवा.