डाव्या बाजूचा खांब

गेल्या महिन्यात नाशिकला गंगापूर रोडवर डोळ्यांच्या दवाखान्यापुढे गाडी उभी केली. आई मागच्या सीटवरून उतरू लागली आणि सवयीने तिने दोन दारांमधला खांब धरला. खांबावरचं रेक्झिन तिच्या हातातच आलं. तळहाताएवढा तुकडा, मेंदी रंगाचा, वाळलेल्या पापडासारखा कडक. मागच्या फोमचा भुगा तिच्या साडीवर सांडला. आईने तुकडा उलटसुलट करून पाहिला, पदराने पुसला आणि माझ्या हातात देत म्हणाली, "मोडलं गं माझ्याकडून."

तिच्याकडून काहीच मोडलं नव्हतं. गाडी 1986 ची प्रीमिअर पद्मिनी, माझ्या वडिलांनी, अण्णांनी घेतलेली. अण्णा गेल्यावर मी ती विकली नाही, महिन्यातून चार वेळा तरी बाहेर काढते. इंजिनाचं काम दोनदा झालं, सीटा नव्याने शिवल्या, पण दारांमधल्या खांबांना कुणी हात लावला नव्हता.

भद्रकालीत एक चाचा सीटकव्हरचं काम करतात. गाडी त्यांच्याकडे नेली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि उरलेल्या रेक्झिनवरून बोट फिरवलं. खांबाच्या साधारण मध्यावर बारीक आडवे ओरखडे होते, एकाखाली एक, दाट. मला वाटायचं आम्हा मुलांचीच नखं लागली असतील. चाचा म्हणाले, "नाही ताई, हे नाखून नाही. बांगडी आहे. नाखून खाली असतं, मुलांच्या उंचीवर. आणि बघा, एकाच जागी आहे सगळं. एकच बाई बसायची इथे."

एकच बाई बसायची. मागच्या सीटवर, डाव्या खिडकीशी.

नांदुरी सोडली की सप्तशृंगी गडाचा घाट सुरू होतो. आम्ही दर चैत्रात जायचो. आईला गाडी लागायची. तिच्या पर्समध्ये अर्धं लिंबू, एक पिशवी आणि रावळगावच्या गोळ्या असत. अण्णा गाडी चालवत. मोठे काका पुढे बसत, कारण ते मोठे. पुढची सीट बाकासारखी सलग होती, गिअर स्टिअरिंगपाशी, म्हणून दोघांच्या मधे मलाही जागा मिळे. मी गुडघ्यांवर उलटी बसून मागे आईकडे तोंड करायचे. त्यामुळे तिचा हात मला अजून दिसतो. डाव्या हाताने खांब घट्ट धरलेला, वळण आलं की बोटं पांढरी पडायची आणि हिरव्या बांगड्या मनगटावरून घसरून रेक्झिनवर घासायच्या. बारीक कर्र आवाज यायचा.

एका वर्षी घाटाच्या मध्यावर ती अण्णांना म्हणाली, "मी थोडा वेळ पुढे बसू का?" काकांनी मागे वळूनही पाहिलं नाही. म्हणाले, "आता आलंच की. पाच वळणं राहिली." तिथून मी वळणं मोजली. सतरा होती.

रेक्झिन हे मुळात एका कंपनीचं नाव. इंग्लंडात मँचेस्टरजवळच्या हाइडमध्ये ते तयार व्हायचं. कापडावर सेल्युलोज नायट्रेटचा थर द्यायचा, कापूरतेल आणि रंग मिसळायचा, वर चामड्याचा छाप उठवायचा. हे वाचलं तेव्हा मला फाळके आठवले. त्यांचा सिनेमाही सेल्युलोज नायट्रेटच्याच फितीवर उमटला, भराभर पेटणाऱ्या. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या या माणसाने 1913 साली 'राजा हरिश्चंद्र' केला, मग बिऱ्हाड नाशिकला आणलं आणि 1944 च्या फेब्रुवारीत इथेच डोळे मिटले. त्याच 1944 साली वालचंद हिराचंदांनी प्रीमिअर ऑटोमोबाइल्स काढली, जिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात आमची गाडी झाली. आणि आईच्या पर्समधल्या त्या गोळ्या? त्याही वालचंदांच्याच. मालेगाव तालुक्यातल्या रावळगावी त्यांनी 1933 मध्ये साखर कारखाना उभा केला, 1942 पासून तिथे गोळ्या होऊ लागल्या. गाडी त्यांची आणि गाडी लागू नये म्हणून चघळायची गोळीही त्यांचीच. एका राणीचं नाव मिळालेल्या त्या गाडीत माझ्या आईने मात्र मागेच बसायचं.

आमच्या गाडीतलं रेक्झिन अर्थात ते जुनं नव्हतं. हे पीव्हीसी. पीव्हीसी जात्या कडक असतं, पाइपासारखं. 1926 मध्ये वाल्डो सेमन या अमेरिकन रसायनतज्ज्ञाने ते मऊ करण्याची युक्ती काढली. आज कारखान्यात त्यात तेलासारखी द्रव्यं मिसळतात, म्हणून ते वाकतं. पण हे तेल कायम आत राहत नाही. बंद गाडी उन्हात तापली की ते हळूहळू उडतं आणि काचेला आतून चिकटतं. अण्णा दर रविवारी पुढची काच आतून वर्तमानपत्राने पुसायचे आणि "धूळ कुठून येते कळत नाही" म्हणायचे. त्यात धुळीबरोबर हे तेलही होतं. चाळीस उन्हाळे हे चाललं, आणि शेवटी रेक्झिनचा पापड झाला.

चाचांनी काम सुरू केलं तेव्हा मी तिथेच स्टुलावर बसले. आधी दारांच्या कडेची रबरी बीडिंग ओढून काढली. तिच्याखाली रेक्झिनची दुमडलेली कड होती, उन्हापासून लपलेली, अजून मऊ आणि मूळच्या गडद रंगाची. मग पातळ पट्टीने सगळं रेक्झिन उचललं, शक्य तितकं अखंड, कारण नवं कापायला तोच फर्मा. आईच्या हातातला तुकडा मी पर्समधून काढून दिला, तो त्यांनी जागेवर जुळवला. खाली पत्र्याला गंज होता. घासकागद, रेडऑक्साइड, मग पातळ फोम. एसआर, म्हणजे चिकटवायचं सोल्यूशन, दोन्ही बाजूंना लावून ते थांबले. बोटाची मागची बाजू लावून पाहायचे. बोट चिकटलं नाही की लावायची वेळ झाली. मधून कडेकडे कापड दाबत नेलं. खांबाच्या खालच्या वळणावर रेक्झिन सुरकुत्या धरू लागलं, तर हेअर ड्रायरने ऊब देऊन ओढून बसवलं. रंग जवळपास जुळला. छाप जुळला नाही, तसा आता निघत नाही.

हे सगळं पाहताना माझ्या मनात काकांविषयीचा राग पुन्हा वर आला. त्यांना जाऊन बारा वर्षं झाली. गेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. मी धरून आहे. ते चांगले होते, माझी फी त्यांनी भरली, माझ्या लग्नात राबले. तरी त्या सतरा वळणांचा राग माझा गेलेला नाही. आणि स्टुलावर बसल्या बसल्या पहिल्यांदाच डोक्यात आलं, की गाडी अण्णा चालवत होते. ब्रेक त्यांच्या पायाखाली होता. आरशात त्यांना आई दिसत होती. त्यांच्यावर मी कधीच रागावले नाही. एवढी वर्षं त्यांचा वाटाही काकांच्या नावावर टाकून मी अण्णांना सांभाळून घेतलं. आणि मधली जागा तर माझीच होती.

संध्याकाळी घरी आल्यावर आईला विचारलं, "तू कधीच पुढे का नाही बसलीस? अण्णा गेल्यावर मी एकटीच चालवते, पुढची सीट रिकामी असते, तरी तू मागचं दार उघडतेस."

ती मेथी निवडत होती. म्हणाली, "बस असं कुणी म्हटलंच नाही."

मीही म्हटलं नव्हतं. ती मागे बसते, असं मी धरून चालले होते.

पुढच्या शनिवारी गडावर निघालो. मी पुढचं डावं दार उघडून धरलं. आई क्षणभर मागच्या दाराशी घुटमळली, नव्या रेक्झिनवर हात फिरवला, "गुळगुळीत झालंय" म्हणाली, आणि मग पुढे येऊन बसली. नांदुरीच्या पुढे घाट लागला. मी अगदी सावकाश चालवत होते. तिने लिंबू काढलं नाही. हात मांडीवर होते, अण्णा गेल्यापासून काचेच्या बांगड्या नाहीत, दोन पाटल्या फक्त. मधल्या एका वळणावर ती म्हणाली, "इथून रस्ता दिसतो गं सगळा."

कान सांगतो शरीर हलतंय आणि डोळ्यांपुढे असते न हलणारी सीटची पाठ. या दोघांचं जुळत नाही म्हणून पोट ढवळतं. समोरचा रस्ता दिसला की बहुतेकांना बरं वाटतं. एवढं साधं होतं ते.

तुमच्या घरात कुणाला गाडी लागत असेल तर वय, मान, नातं काही न पाहता त्या माणसाला पुढे बसवा. ती व्यक्ती स्वतःहून मागणार नाही. तुम्ही म्हणा, "पुढे बस." आमच्या घरात हे दोन शब्द म्हणायला जवळजवळ चाळीस वर्षं गेली.