साताऱ्याचा ४१५००१

सांगलीचा पिनकोड ४१६४१६. कुठलेही तीन आकडे असे दोनदा लिहिले, की ती संख्या १००१ च्या पटीत बसते आणि १००१ म्हणजे ७ × ११ × १३. त्यामुळे सांगलीला या तिन्हींनी निःशेष भाग जातो. हे मला सांगितलं सांगलीच्या भाच्याने; तो आठवीत आहे. मी साताऱ्याची, कॉमर्सची, शाळा सुटल्यापासून मूळ संख्येचं नावही न घेतलेली. विचारलं, आमच्या ४१५००१ चं काय?

"मूळ असेल बहुतेक. तूच भाग देऊन बघ ना मावशी!"

६४५ चा वर्ग ४१६०२५, म्हणजे आपल्या संख्येच्या पुढे. तेव्हा अवयव असलाच तर लहानातला लहान ६४४ च्या आत सापडायला हवा. तिथपर्यंतच्या मूळ संख्या तपासल्या की झालं. एवढं पटलं आणि वही घेऊन बसले. ७ ने भागलं, बाकी ६. १३ ने २. १९ ने ३. ८३ ने भाग बरोबर ५००० वेळा गेला आणि बाकी उरली १! शंभर मागे पडले, पाचशे मागे पडले, सहाशेही. आता ही मूळच, असं मनाने घेतलं होतं. तेवढ्यात ६१३ ने भागलं आणि बाकी शून्य. उलट गुणून पाहिलं: ६१३ × ६७७ = ४१५००१. हे दोन्ही अवयव मूळ. पुढे तपासायच्या फक्त पाचच राहिल्या होत्या: ६१७, ६१९, ६३१, ६४१, ६४३.

भाच्याला फोन लावला. तो जरा थांबून म्हणाला, "६४५ च्या वर्गातून वजा कर."

उरले १०२४. म्हणजे ३२ चा वर्ग. मग शाळेतलंच सूत्र, (६४५ − ३२)(६४५ + ३२), आणि दोन ओळींत तेच ६१३ आणि ६७७! ही युक्ती सतराव्या शतकातल्या फर्माची. भागाकाराला इतका वेळ दाद न देणारी संख्या वर्गापुढे एका फटक्यात कशी उलगडली, हे मला कितीतरी वेळ उमगेना. कारण एवढंच, की तिचे दोन अवयव शेजारी शेजारी आहेत. ६४५ त्यांच्या बरोबर मध्ये.

१९७७ साली रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी बांधलेली सांकेतिक कुलुपं याच अडचणीवर उभी आहेत. शेकडो अंकी दोन मूळ संख्यांचा गुणाकार संगणक क्षणात करतो, पण तो फोडणं महाकठीण. मात्र त्या दोन संख्या एकमेकींच्या फार जवळ घ्यायच्या नाहीत, नाहीतर फर्माची युक्ती कुलूप उघडते. (पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी, शिवाय संस्कृत कवी. टपालाच्या सोयीने ठरलेल्या आकड्यांत हे कुणी मुद्दाम पेरलेलं नाही, म्हणून मला त्याचं अधिकच नवल वाटतं.)

सध्या फलटणचा ४१५५२३ घेतला आहे. शंभरपर्यंतच्या एकाही मूळ संख्येने भाग गेलेला नाही. ६४५ च्या वर्गातून वजा केला तर ५०२ उरतात, तो वर्ग नव्हे; ६४६ च्या वर्गातून १७९३, तोही नव्हे. आता ६४७.